हातभर कच्चा पाट

आज नवघरात कुणाला सांगितलं की इथून एक पाट जायचा, तर माणसं जेवायला बसायचा पाट समजतात. त्यांचा दोष नाही. आमचा पाट म्हणजे गावाच्या तलावापासून आमच्या वाडीपर्यंत आणलेली मातीची चारी होती. दोन्ही काठांवर पाय रोवून मी उभी राहू शकेन एवढी रुंद आणि माझ्या गुडघ्याएवढी खोल. भात कापून झालं की तलावाची मोरी उघडायची आणि ते पाणी उन्हाळ्यापर्यंत भाजीला पुरवायचं, असा गावाचा रिवाज होता. पाळ्या ठरलेल्या असत. आपली पाळी आली की मोरीवरची आपल्या बाजूची फळी काढायची आणि पाण्याच्या बरोबरीनं काठाकाठानं चालत वाडीकडे यायचं. मी लहानपणापासून अशी पाण्याबरोबर चालत आलेय. पुढे पाण्याचं तोंड असायचं, त्यावर वाळकी पानं, मुंग्या, भाताची टरफलं वाहत असायची. ते तोंड मध्येच अडखळायचं, गोल फिरायचं आणि काठातल्या कुठल्यातरी भोकात नाहीसं व्हायचं. मुठ्यांची बिळं. शेतातल्या त्या खेकड्यांनी आमच्या पाटाची चाळणी केली होती. तलावातून निघालेल्या पाण्यातलं निम्मं तरी वाडीत पोचायच्या आधीच जमिनीत जायचं. बाबा त्याला ‘पाट पितो’ म्हणायचे, आणि दारू पिणाऱ्या भावाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणायचे.

दिवाळी झाली की पाट लिंपायचं काम निघायचं. खाडीकाठच्या खाजणातली चिकण माती टोपलीनं आणायची, तिच्यात भाताचं तूस नि शेण घालायचं आणि पायांनी तुडवायचं. तुडवायचं काम बयचं. आईला आम्ही बय म्हणायचो. ती लुगड्याचा काष्टा वर खोचून त्या गार चिखलात एका लयीत पाय उचलायची. बोलायची नाही, गाणंही म्हणायची नाही, नुसता ‘फचाक फचाक’ आवाज. मग बाबा एकेक बीळ शोधत पुढे जायचे. काठावर पालथे पडून कान मातीला लावायचे आणि आम्हाला हात वर करून सांगायचे, ‘गप.’ आम्ही श्वास धरून उभ्या. आत पाणी झिरपत असलं तर बारीक बुडबुड ऐकू येते म्हणे. मला कधी ऐकू आली नाही, त्यांना हमखास यायची. मग त्या जागी माती कोंबायची आणि लाकडी धुमसानं ठोकायची. दुपारी काठावरच बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि चुलीत भाजलेला सुका बोंबील खायचो, हाताला चिखलाचा वास येत असायचा. एवढं करून पाट महिनाभर नीट चालायचा. मग नवे मुठे, नवी बिळं.

आम्ही लिंपत लिंपत चिंचेच्या वळणापर्यंत आलो, की खालून चांगूआतेचा आवाज यायचा. “जनू, सगली बुजू नको रं! दोन माज्यासाटी ठेव!” सगळे हसायचे, जनू म्हणजे बाबा, तेही हसायचे.

चांगुणा म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्यानं तिला आणून सोडलं होतं. का, ते मला कुणी सांगितलं नाही, तिनंही नाही. आजोबांनी डोळे मिटण्याआधी वाडीचा खालचा तुकडा, त्यातली विहीर आणि एक कौलारू खोली तिला चोळी-बांगडीसाठी लावून दिली. म्हणजे ती तिथे राहील आणि कसेल तोवर ते तिचं. ती तिथून उठून गेली किंवा मेली की पुन्हा भावाचं. तिचा तुकडा पाटाच्या खालच्या अंगाला होता. तिच्या कुंपणापलीकडे खाजण, मग तिवरं, मग खाडी. उधाणाच्या भरतीला खारं पाणी कुंपणापासून हाकेच्या अंतरावर यायचं, आणि तरी तिच्या विहिरीचं पाणी असं की उन्हातून आलेला माणूस तांब्याभर प्यायला की दुसरा तांब्या मागायचा. आमच्या अख्ख्या पाड्याचं पिण्याचं पाणी तिच्याकडचं. सकाळी बायका रहाटाभोवती जमायच्या आणि त्या कुरकुरीतच आतेचा दिवस सुरू व्हायचा. काहीजणी म्हणायच्या, देवीची कृपा आहे. आते म्हणायची, “देवीची कसली, माज्या भावाच्या पाटाची. वर गलतं, खाली मना मिलतं.” तिच्याकडे तोंडलीचा मांडव होता, आळू होतं, दोन केळी होत्या. शाळेतून येताना मी आधी तिच्याकडे जायची. ती पेज वाढायची, वर मिठाचा खडा आणि ताटलीत तोंडलीची परतलेली भाजी. घरी बय मुकी आणि बाबा पाटात, त्यामुळे माझ्या वाट्याचं सगळं बोलणं तिच्या ओट्यावर झालं. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हाही मी घरी गेले नव्हते, तिच्याकडे गेले होते.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि तलाव अर्धाच भरला. गावात पाळ्यांवरून भांडणं लागली. ज्यांच्या वाड्या तलावालगत होत्या त्यांचं भागलं; आमची वाडी शेवटाला. आमच्या पाळीला मोरीतून सुटलेलं पाणी आमच्यापर्यंत येईतो बोटभर धार उरायची. वांग्याची रोपं फुलावर आली आणि तशीच उभी वाळली. बाबा त्यांच्यामधून फिरायचे, एखादं पान हातात चुरगळायचे आणि घरी येऊन झोपायचे. त्या काळात भाईंदर स्टेशनजवळ नव्या इमारती उठत होत्या. बाबा दोन उन्हाळे तिथे गवंड्याच्या हाताखाली गेले होते, त्यामुळे त्यांचा हात विटेवर बसला होता. त्या वैशाखात त्यांनी ठरवलं की पाट सिमेंटचा करायचा. गावातले लोक हसले. तलावाच्या पाटाला कुणी सिमेंट लावतं का, म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. पाऊस संपल्यावर ते एकेक गोणी आणत गेले, इमारतींच्या कामावरच्या फुटक्या विटा मागून आणत गेले. भाताची कापणी आटोपल्यावर बय नि मी विटा वाहायचो, रेती चाळायचो. बाबा सूत लावायचे, वीट बसवायचे आणि थापीनं गिलावा असा गुळगुळीत करायचे की त्यावरून हात फिरवावासा वाटायचा. मला ते काम आवडायचं. हे मी लपवत नाही. बाबांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते ताज्या गिलाव्यावर पाणी शिंपडायचे आणि झोपलेल्या मुलाजवळून उठावं तसे हळूच उठायचे.

पाट पुरा झाला आणि आमची पहिली पाळी आली. बाबांनी मोरीवरची फळी काढली. मी सवयीनं पाण्याबरोबर चालायला लागले आणि पाणी माझ्या पुढे गेलं. मी भरभर चालले, तरी पुढेच. मग बाबा धावायला लागले. धोतर हातात धरून, काठावरून, पाण्याच्या तोंडाशी शर्यत लावत ते धावले, आणि हसत होते. चिंचेच्या वळणावर ते घसरले, उठले, पुन्हा धावले. वाडीत पोचले तेव्हा पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं होतं. तिथे ते मटकन बसले आणि बयला म्हणाले, “एक थेंब न्हाय गेला. बग. एक थेंब न्हाय.” बय हसली. तीही मला क्वचित दिसलेली गोष्ट.

त्या वर्षी आमच्या वाडीनं गावाचे डोळे दिपवले. वांगी, मुळा, माठ, भेंडी, सगळं. बाबा पहाटे पाट्या भरून स्टेशनच्या बाजारात जायचे आणि दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन गाणं गुणगुणत यायचे. जे हसले होते तेच पाट बघायला यायला लागले. बाबा त्यांना काठाकाठानं फिरवायचे, जावयाला घर दाखवावं तसे.

होळीच्या सुमारास आमच्या घरची डाळ शिजेनाशी झाली. बय चुलीत लाकडावर लाकूड सारायची, डाळ भांड्यात नुसती नाचत राहायची. वर पाणी, खाली खडे. तिला वाटलं डाळ जुनी आहे. ती मला घेऊन स्टेशनजवळच्या गुजराती दुकानदाराकडे गेली आणि कधी नव्हे ती त्याच्याशी भांडली. तो शांतपणे म्हणाला, “भाभी, दाल तो वही है. सब ले जाते हैं. पानी बदला है क्या?” परतताना ती वाटेत कुठेही थांबली नाही, थेट आतेच्या विहिरीवर गेली, पोहरा ओढला आणि ओंजळीनं प्यायली. मग माझ्या तोंडासमोर ओंजळ धरली. पाणी मचूळ झालं होतं. फार नाही. पण जिभेच्या कडांना कळत होतं. आते तोंडलीच्या मांडवाखाली उभी होती. पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. ती म्हणाली, “मना म्हैन्यापासून ठावं हाय, वैनी. वरचं गोडं पानी येयाचं थांबलं, तवा खाडी आत सरली. आदी पानी खाली गेलं. मंग खारं झालं. मी बोलले न्हाय. म्हटलं, जनूची वाडी पयल्यांदा पिकलीय.”

पण चैत्र लागला, पाड्यातल्या बायका यायच्या बंद झाल्या, केळी वाळल्या, तेव्हा ती बोलली. एका दुपारी बाबा जेवून पडवीत बसले होते. बय सुपात तांदूळ निवडत होती, मी दाराशी होते. आते आली ती पितळी तांब्या घेऊन, आणि तो तिनं बाबांच्या हातात दिला.

“पी.”

“काय हाय?”

“पानी. माज्या विहिरीचं. पी, जनू.”

बाबांनी एक मोठा घोट घेतला. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली मला दिसली. त्यांनी तो घोट गिळला, तोंडावर काही येऊ दिलं नाही, आणि तांब्या खाली ठेवला.

“गोड हाय की.”

“गोड?”

“मना तं गोडच लागतंय.”

आतेनं बयकडे पाहिलं. बयचे हात सुपात थांबले होते. तिनं मान वर केली नाही.

“बरं,” आते म्हणाली. “गोड तं गोड. मी भांडाया न्हाय आले. एकच मागनं हाय. चिंचेच्या वलनावर हातभर पाट कच्चा ठेव. हातभर. तेवडं सिमिट काड न् माती राहू दे. तेवड्यातून गलंल ते मना पुरंल. तुजी वाडी काय त्यानं वालायची न्हाय.”

“पानी वाया घालवाया बांदला का मी पाट?”

“वाया कुटं जात व्हतं, बाला? माज्या विहिरीत येत व्हतं.”

बाबा उठले. पडवीच्या खांबाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, “विहीर तुजी असंल. पानी माज्या पालीचं हाय.”

आतेनं तांब्या उचलला. उरलेलं पाणी तिनं अंगणात ओतलं नाही, तसंच घेऊन गेली.

बाबांना आधीपासून ठाऊक होतं का, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. पाट बांधताना ठाऊक नव्हतं, याची मला खात्री आहे. तो धावणारा माणूस मी पाहिलाय. मनात काळंबेरं असलेला माणूस तसा धावत नाही. ‘दोन माज्यासाटी ठेव’ हे तो दरवर्षी ऐकत होता, पण आपण थट्टा म्हणून ऐकलेल्या गोष्टी ऐकलेल्या नसतात. पण तो घोट गिळला तेव्हा त्याला ठाऊक होतं. आणि त्याच वर्षी खाजणालगतचा खालचा तुकडा, म्हणजे आतेचाच, विकत घ्यायचा म्हणून बघायला पँट-शर्टातली माणसं येऊन गेली होती, हेही त्याला ठाऊक होतं. बघा, लिहिता लिहिता मी त्यांना अरे-तुरे करायला लागले. बयला हे आवडलं नसतं. राहू दे.

बाबांचं म्हणणं होतं, नळ येतोय. सरकारी नळ दारात आला की विहिरीचं पाणी कोण पितो? नळ यायला पुढे किती वर्षं गेली ते सांगत बसत नाही. तोवर पाड्याचं पिण्याचं पाणी रुळांच्या पलीकडून यायला लागलं. तिथे एका चाळीच्या आवारात नळ होता आणि पाणी सुटायची वेळ नेमकी माझ्या शाळेची होती. आमच्या घरातून बयला वाडीचं काम, बाबांना बाजार. राहिले मी. मी नववीत होते आणि माझा गणितात वर्गात पहिला-दुसरा नंबर असायचा. पहिले काही दिवस मी उशिरा पोचायची, ओल्या खांद्यानं. मग बाई रागावल्या. मग मी जाणं सोडलं. मला कुणी ‘शाळा सोड’ म्हटलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला काही करायला लावत नसे. फक्त पाणी कुठल्या बाजूला वाहील ते ठरवलं जायचं. पुढे मी जे वाचायला-लिहायला शिकले ते लग्नानंतर पेणकरपाड्यात, माझ्या मुलीच्या पुस्तकांतून, तिच्या शेजारी बसून.

एकदा मी नळावरून दोन हंडे घेऊन परत येत होते. उन्हं डोक्यावर होती, बाबा भाजी घेऊन बाजारात गेलेले. चिंचेच्या बाजूनं ‘ठण् ठण्’ आवाज यायला लागला. जाऊन पाहते तो बय. काष्टा खोचलेला, दोन्ही हातांत पहार, आणि ती वळणावरचा पाट फोडत होती. गिलावा असा पक्का की पहार उसळून यायची. तिचे तळहात फुटले होते. मला पाहून ती थांबली नाही. “हंडे ठेव न् विटा उचल,” एवढंच म्हणाली. मी हंडे ठेवले. आम्ही दोघींनी हातभर सिमेंट काढलं, विटा चिंचेमागे रचल्या, आणि उघड्या मातीवर बयनं पहारीच्या टोकानं भोकं पाडली, एकाशेजारी एक, मुठ्यांनी पाडावी तशी.

पुढच्या पाळीला पाणी तिथे आलं आणि मातीत ‘सूं’ करत शिरलं. त्या आठवड्यात आते बयला म्हणाली, “वैनी, आज डाल शिजली गो.” खरं असेल, किंवा बयच्या फुटलेल्या हातांकडे बघून म्हणाली असेल. खाडी एकदा आत आली की इतक्या लवकर मागे जात नाही, हे आता मला कळतं.

त्या पाळीला बाबांचं लक्ष गेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या पाळीला गेलं. ते घरी आले नाहीत, कुणाला विचारलं नाही. सरळ आतेच्या दारात जाऊन ओरडायला लागले. “माज्याच जमिनीवर राहून माजा पाट फोडतं? चोट्टी!” पाडा गोळा झाला. आते ओट्यावर उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती. फोडला नाही, असंही म्हणाली नाही. तिला कळलं होतं कुणी फोडला ते. बाबा ‘चोट्टी’ म्हणत राहिले. मग माणसांमधून वाट काढत बय आली. पहार तिच्या हातात होती. ती बाबांसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तिला कशाला बोलतां? मी फोडला.”

बाबांनी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. चार माणसांनी हात धरला असता, कुणी आतेची बाजू घेतली असती, कुणीतरी विहिरीचं पाणी चाखून बघितलं असतं. बाबांनी मारलं नाही. त्यांनी क्षणभर बयकडे पाहिलं, मग लोकांकडे वळले आणि हसले. म्हणाले, “घ्या! मी रानभर मुठं शोधत फिरतंय, न् मुठा माज्या घरातच!”

लोक हसले. आधी पुरुष, मग बायकाही. ज्या बायका त्या विहिरीवर वर्षानुवर्षं पाणी भरत आल्या होत्या, त्या हसल्या. त्या हसण्यानं सगळं मिटलं. त्यानंतर बाबा घरी जाऊन सिमेंट काढून आणायला मोकळे होते. मला म्हणाले, “माल कालव.” मी म्हटलं, “मी न्हाय कालवनार.” ते म्हणाले, “नको कालवू,” आणि स्वतः कालवला. वळणावर त्यांनी दुहेरी वीट लावली. बयला पाड्यात पुढे कितीतरी वर्षं ‘मुठा’ म्हणायचे. बाजारात, लग्नात, हळदीच्या मांडवात. ती ऐकून घ्यायची. मी नाही घ्यायची, आणि म्हणून माझं पाड्यात कुणाशी फारसं जमलं नाही. अजून जमत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी आते गेली. मोरव्याला तिची मामेबहीण होती, तिच्याकडे. सामान एका हातगाडीत मावलं. बाबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. माणसं बघत होती, म्हणून जरा मोठ्यानं म्हणाले, “तुज्या मनानं जातेस हां. मी काडलं न्हाय.”

आते म्हणाली, “न्हाय रं. तू कुटं काडलं? पान्यानं काडलं.” मग बयच्या गळ्यात पडली आणि मला म्हणाली, “येत जा मोरव्याला.” मी जात राहिले. रूळ ओलांडून, भाईंदर पश्चिमेला, तिच्या मामेबहिणीच्या मागच्या पडवीत. तिथे तिला खाट होती, चूल नव्हती. दुसऱ्याच्या हातचं गिळायचं तिला जड जायचं. मी गेले की ती विचारायची, बय कशी आहे, हात बरे झाले का. विहिरीबद्दल एकदाही विचारलं नाही. माझं लग्न झाल्यावर तिसऱ्या वर्षी ती गेली. बाबा भाऊ म्हणून गेले, तिच्या तोंडात पाणी घातलं, रडले. खरे रडले, मी पाहिलंय. घरी आल्यावर बय अंगणात त्यांच्या पायावर पाणी ओतताना म्हणाली, “जितेपनी हातभर दिलं न्हाय. आता तांब्याभर दिलं.” बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जमीन परत भावाची झाली होतीच. काही वर्षांनी सगळी वाडी विकली गेली, गावातल्या इतरांच्या गेल्या तशीच. आज मी हे लिहितेय ते त्याच जमिनीवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबांना मुलगा नव्हता, त्यामुळे जमिनीच्या बदल्यात मिळालेलं हे घर त्यांच्यामागे माझ्याकडे आलं. मी नाकारलं नाही. राग असला तरी डोक्यावर छप्पर लागतं, आणि पेणकरपाड्याची आमची जागा गळत होती. इथे मे महिन्यात टँकर येतो. लिफ्टमध्ये ‘पाणी वाया घालवू नका’ असा कागद चिकटवलाय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी गळतीबद्दल तावातावानं बोलतात, चांगला माणूस आहे, आणि बरोबरच बोलतात. मी मान डोलावते. पण ‘वाया’ हा शब्द आला की माझ्या तोंडाला ती मचूळ चव येते, आणि ती सांगायला तिथे कुणी नसतं.

या इमारतीचा पाया खणायला मशीन आलं त्या दिवशी मी बयला भेटायला म्हणून गेले होते. बाबांना त्या लोकांनी बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. ते खुर्चीत बसून आपली जमीन उकरली जाताना बघत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. बय त्यांच्या मागे उभी होती. आतेची विहीर केव्हाच दगडमातीनं भरून टाकलेली. मशीननं ती उघडी केली आणि खड्ड्यात पाणी चढायला लागलं. पंप लावला. एका पोराला तहान लागली असावी, त्यानं पाइपाच्या तोंडाशी ओंजळ धरली, चूळ भरली आणि लगेच टाकली. “खारा है रे!” तो ओरडला. ठेकेदार बाबांकडे वळून म्हणाला, “चाचा, इधर मीठा पानी नहीं है क्या? काम के लिए लगेगा.”

बाबा म्हणाले, “पहले से खारा है. मेरी बहन रहती थी इधर, इसी वास्ते छोड़ के गई.”

सहज म्हणाले. अडखळले नाहीत. मला वाटतं, तोवर त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं असेल की त्यांना ते तसंच आठवायला लागलं असेल. मी पुढे झाले. “झूठ है,” मी म्हटलं. “मीठा था. पूरा पाडा पीता था. मैं इसी पे बड़ी हुई.”

ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. त्याला एवढंच कळलं की घरगुती भानगड आहे. “ठीक है, टँकर मंगाते हैं,” असं म्हणून तो पंपाकडे गेला. बाबा माझ्याकडे न वळता, अगदी हळू, जवळजवळ समजूत घातल्यासारखे म्हणाले, “आता कुनाला काय फरक पडतो, मंदा?”

खरंच कुणाला पडत नव्हता. तेव्हा बय त्यांच्या मागून निघाली. उकरलेल्या मातीवरून तोल सावरत ती पाइपाशी गेली, वाकली, ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि तशीच, तोंड मिटलेली, परत आली. बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. त्यांनी वर पाहीपर्यंत थांबली. त्यांनी पाहिलं, तेव्हा ते पाणी त्यांच्या पायांपुढे थुंकली, पदरानं तोंड पुसलं आणि घराकडे चालायला लागली. मी तिच्यामागून गेले.